कागदाला तोंड हवं

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. कोल्हापूर जिल्ह्यातला कुठलाही उतारा काढून बघा, बहुधा तो कोराच सापडेल. गट नंबर असतो, हेक्टर-आर असतात, आकार म्हणजे शेतसारा असतो, खाते क्रमांक असतो. पण घरातली माणसं त्या जमिनीला ज्या नावानं ओळखतात, म्हणजे ओढ्याकडची पट्टी, पाणंदीचं रान, मळीचा तुकडा, वडाखालचं, ते नाव कागदाला माहीत नसतं. नमुना तयार करणाऱ्याला या नावाची गरज कळली होती, भरणाऱ्यापर्यंत ती पोचली नाही. बोलणारं गाव आणि लिहिणारी कचेरी यांची गाठ जिथं पडायची, नेमकी ती जागा रिकामी राहिली.

माझी मागणी दोन ओळींची आहे. ज्या कागदानं माणसाचा हक्क बदलतो तो कागद त्याला समजेल अशा बोलीत वाचून दाखवणं बंधनकारक करा. आणि ऐकून तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घेणंही तितकंच बंधनकारक करा.

‘आता सगळे शिकलेत’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांच्या घरात होती. पण जनगणनेची व्याख्या बघा: सात वर्षांवरचा जो माणूस कुठल्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकतो तो साक्षर. या व्याख्येत चौथीपर्यंत शिकून पुढं चाळीस वर्षं पेन न धरलेली बाई बसते, आणि ‘इतर हक्कातील बोजा कमी करणेबाबत’ अशी ओळ रोज लिहिणारा कारकूनही बसतो. एसटीची पाटी वाचता येणं आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, वाचता येणं ही दोन निराळी कामं आहेत. पदवीधर मुलगासुद्धा हक्कसोडपत्र वाचताना तिसऱ्या ओळीला थबकतो.

आपल्या भाषेला हे जुनं ठाऊक आहे. ‘वाचणे’ हा शब्दच ‘वाचा’शी नातं सांगतो, मराठीत वाचणं म्हणजे मुळात मोठ्यानं बोलणं. जाणत्या माणसाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो, म्हणजे ज्यानं पुष्कळ ऐकलंय तो. मनातल्या मनात वाचण्याची सवय आपल्याकडं फार उशिरा रुजली. पोथी लावली की एकानं वाचायची आणि वाड्यानं ऐकायची, पत्र आलं की पोस्टमननं ओसरीवर वाचून दाखवायचं, हीच रीत होती.

मौखिक समाजावर गेल्या शतकात जे संशोधन झालं ते आपल्याकडं अर्धवट पोचलं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना कोडी घालत होता. हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका, यात वेगळं काय? अपेक्षित उत्तर ओंडका, कारण बाकीची हत्यारं. शेतकरी म्हणायचे, ओंडक्याशिवाय करवत काय कामाची, सगळं एकत्रच लागतं. दुसरं कोडं असं: उत्तरेत जिथं बर्फ आहे तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक जागा उत्तरेत आहे, तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? उत्तर मिळालं, मी तिकडं गेलो नाही, जे गेलेत त्यांना विचारा. यावरून निष्कर्ष निघाला की लेखनाशिवाय अमूर्त विचार जमत नाही.

मला हे उत्तर अडाणी वाटत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६० हेच सांगत होतं: पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ज्यानं पाहिली त्यानंच द्यायची, ऐकीव चालणार नाही. त्या शेतकऱ्यानं न्यायाधीशाचा नियम पाळला आणि त्याला मागास ठरवलं गेलं.

गुऱ्हाळावर जाऊन ‘गूळ किती अंशाला उतरवायचा’ असं गुळव्याला विचारलं तरी तसंच उत्तर मिळेल: आधण बघितल्याशिवाय कसं सांगू. पुस्तकात ढेपेच्या गुळासाठी ११८ अंश सेल्सियसच्या आसपासचा आकडा असतो आणि तो बरोबर आहे. पण गुळव्या एकाच वेळी चार गोष्टी बघत असतो. ऊस लागणीचा की खोडव्याचा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला), तोडून किती तास झाले, भेंडीचं पाणी टाकल्यावर मळी किती आणि कशी वर आली, फेसाचे बुडबुडे बारीक झाले की अजून मोठे आहेत. मग काईलीतला थेंब गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळते का ते पाहायचं. लवकर उतरवला तर ढेप पावसाळ्यात पाघळते, उशीर झाला तर करपून काळा पडतो, बाजारात दर तुटतो. आकडा सगळीकडं नेता येतो, ही लिहिण्याची ताकद. तोडून दोन दिवस पडलेल्या उसाला तो आकडा कसा लावायचा हे मात्र आकडा सांगत नाही. ते शेजारी उभ्या माणसाला विचारावं लागतं. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिसाची लेखनावर हीच तक्रार आहे: लिहिलेल्याला प्रश्न विचारा, ते तेच ते परत सांगत राहतं.

लिहिता येऊ लागलं की माणसाची बुद्धीच बदलते, या समजुतीलाही पुढं धक्का बसला. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांचा अभ्यास केला. १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वाईंची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेत नाही, घरी शिकली जाते. त्यामुळं लिपीचा परिणाम आणि शाळेचा परिणाम वेगवेगळा मोजता आला. नुसत्या लिपीनं विचारशक्तीत सरसकट फरक पडलेला दिसला नाही. ज्या कामासाठी लिपी वापरली जायची, उदाहरणार्थ पत्र लिहिणं, त्या कामाचं कसब वाढलं. कोड्यांची उत्तरं समजावून सांगण्यात फरक दिसला तो शाळेमुळं. फेरफार न कळणाऱ्या माणसाला कमी समजतं असं धरून चालणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

अर्थात मौखिक परंपरेची आरती ओवाळायचीही गरज नाही. तोंडी आठवण वर्तमानाला सोयीची होत जाते, आणि हे तिच्या नकळत होतं. जॅक गुडी आणि इयन वॉट यांनी घानातल्या गोंजा राज्याचं उदाहरण दिलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तिथली कथा लिहून घेतली: राज्य स्थापणाऱ्याला सात मुलगे, एकेकाकडं एकेक विभाग. साठेक वर्षांनी कथा पुन्हा लिहून घेतली तेव्हा मुलगे पाचच. मधल्या काळात दोन विभाग संपले होते. कुणी खोटं बोललं नव्हतं; नसलेल्या विभागांच्या मुलग्यांची आठवण ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. भावकीच्या वंशावळीत बहिणी कशा गळतात याचं कोडं इथं सुटतं. जमीन ज्यांच्याकडं राहिली त्यांची नावं सांगितली जातात. सासरी गेलेलीचं नाव तिसऱ्या पिढीला कुणाला येत नाही.

‘शब्दशः तेच सांगतो’ हा दावाही तपासावा लागतो. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांची ध्वनिमुद्रणं केली. गायक छातीठोक सांगायचे की गाणं अक्षरानं अक्षर तेच आहे. मुद्रणं शेजारी ठेवली तर ओळी वेगळ्या, लांबी वेगळी. ते पाठ म्हणत नव्हते, ठरलेल्या शब्दबंधांतून दरवेळी नव्यानं बांधत होते. आपल्या शाहिराचा पोवाडा आणि गोंधळ्याचं कथन ज्यांनी लागोपाठ दोनदा ऐकलंय त्यांना हे नवं नाही. झीलकऱ्यांची, म्हणजे मागं सूर धरणाऱ्यांची, ‘जी जी र जी’ शाहिराला पुढची ओळ जुळवायला श्वासभर वेळ मिळवून देते.

अक्षर न हलवता तोंडी जपायचं असेल तर वेगळी यंत्रणा लागते, आणि ती आपल्याकडं होती. वेदपाठात शब्द सरळ म्हणून थांबत नाहीत. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या. जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात त्यावर तिसरा शब्द घेऊन पुन्हा उलटसुलट. एक शब्द निसटला तर पुढची साखळीच बसत नाही, चूक लगेच कानाला लागते. तंत्र अजोड. पण ते कुणासाठी होतं? १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरच्या कार्तिकस्नानात छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्त म्हणजे वेदांतल्या मंत्रांऐवजी पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठी ठरवलेले, मंत्र म्हटले जात असल्याचं समोर आलं आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. तिथं कागदाचा संबंधच नव्हता. उच्चारलेला शब्दच कुलपात होता.

महाराजांनी पुढं जे केलं त्याकडं मी याच नजरेनं बघतो. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले. पहिल्या कामाचा गौरव आपण दरवर्षी करतो, दुसऱ्याबद्दल फार कमी बोलतो. गावात मूठभरांनाच लिहिता येत असेल आणि त्यांतल्या एकाच घराकडं पिढ्यान् पिढ्या दप्तर असेल, तर त्या घरानं लिहिलं ते खरं आणि बाकीचं गाव बोललं ते वाऱ्यावर. म्हणून दप्तर घराण्याकडून काढून बदलीच्या नोकराकडं दिलं. नुसती अक्षरओळख पुरत नाही, दप्तरावरचा ताबाही सुटावा लागतो, हे त्यांना उमगलं होतं.

शंभर वर्षांनी तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, दप्तर संगणकात गेलं. पण कागदाचा तोल अजून तसाच एकीकडं झुकलेला आहे. लेखी करार झाला की त्याच्या अटी बदलणारं तोंडी बोलणं पुरावा म्हणून साधारणतः चालत नाही. जुन्या कायद्यात हे कलम ९१ आणि ९२ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९४ आणि ९५ मध्ये आहे. फसवणूक किंवा चूक झाली असं दाखवायची वाट आहे, पण ती दाखवायची जबाबदारी अंगठा देणाऱ्यावर. महसूल अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली आणि प्रमाणित फेरफाराची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. बोलण्याला इतकं दुय्यम करायचं असेल, तर सही करण्याआधी कागदाला बोलतं करणं हे किमान देणं लागतं.

याची सर्वांत मोठी किंमत बहिणी देतात. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. त्यानंतर हक्कसोडपत्राला जोर आला. ‘वारसनोंदीला सही लागत्या, जरा येऊन जा’ असा निरोप जातो, बहीण सकाळच्या एसटीनं येते, दस्त तयार असतो, ती सही करते आणि दुपारी परत जाते. वारसनोंदीला लागणारी सही आणि हक्क सोडल्याची सही यांतला फरक तिला कुणी बोलून सांगत नाही. तिनं स्वखुशीनं हक्क सोडला तर तिचा प्रश्न; पण गट, गुंठे आणि ‘यापुढं तुमचा काही हिस्सा राहणार नाही’ हे वाक्य तिच्या कानावर न पडता झालेल्या सहीला स्वखुशी म्हणणं मला मान्य नाही.

कायद्यात याचा नमुना तयार आहे. पोलीस ठाण्यात तोंडी फिर्याद दिली तर अधिकाऱ्यानं ती लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि एक प्रत फुकट द्यायची. जुन्या फौजदारी संहितेचं हे कलम १५४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज लिहिता न येणाऱ्याचं तोंडी म्हणणं लेखी करायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची आहे. लिहा, वाचून दाखवा, सही घ्या, प्रत द्या. हा चार पायऱ्यांचा जिना फेरफाराला, हक्कसोडपत्राला, कर्जाच्या कागदाला, दवाखान्यातल्या संमतीपत्राला लावायला काय हरकत आहे?

महसूल खात्याकडं चावडीवाचन नावाची, म्हणजे गावासमोर नोंदी मोठ्यानं वाचायची, स्वतःची रीतही आहे. एप्रिल २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहिमेची (मेलेल्या खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावायच्या) सुरुवात मयत खातेदारांच्या याद्यांसाठी चावडीवाचनानंच झाली. रीत उत्तम, पण ती उरकली कशी जाते हा प्रश्न आहे.

साधा हिशोब करू. सहाशे खात्यांचं गाव धरा. एका खात्याला दोनच मिनिटं दिली तरी १,२०० मिनिटं, म्हणजे वीस तास. सकाळी अकरा ते एक या वेळात सहाशे खाती ‘वाचून झाली’ असा पंचनामा होतो तेव्हा खात्यामागं बारा सेकंद आलेले असतात. बारा सेकंदांत नाव आणि गट नंबर होतो, वारस होत नाही. म्हणून एका बैठकीला तीस खाती, एक तास, अशा वीस बैठका हव्यात. वेळ संध्याकाळी डेअरीत दूध घालून झाल्यावरची. तेव्हा गाव आपोआप जमलेलं असतं आणि बायकाही असतात. उसाच्या हंगामात भरदुपारी वाचन ठेवलं तर ऐकायला खुर्च्याच उरतात.

क्रमही बदलायला हवा. गट नंबराच्या क्रमानं वाचलं की एका घरच्या चार जमिनी चार ठिकाणी विखुरतात आणि ऐकणारा वाट बघून कंटाळतो. गल्लीनं, त्यात भावकीनं वाचावं. माणसाच्या ध्यानात एका दमात चार-पाचच गोष्टी राहतात, म्हणून खात्यागणिक तेवढंच: खातेदार, शेताचं घरगुती नाव, क्षेत्र, वारस, इतर हक्क. नाव दोन्ही वाचायचं, कागदावरचं आणि गावातलं; ज्याला जन्मभर बापू म्हटलं त्याचं कागदावरचं नाव पुकारलं तर त्याची सूनही मान वर करत नाही. क्षेत्र गुंठ्यांत सांगायचं. उताऱ्यावर ०.४०.४७ असतं, वाचणारा ‘शून्य चाळीस सत्तेचाळीस’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला तो एक एकर, म्हणजे आपलेच चाळीस गुंठे, हे उमजत नाही. मग थांबायचं, आणि खातेदाराला उलट विचारायचं: काय ऐकलंसा, सांगा बघू. ‘कळलं का’ असं विचारलं तर चारचौघांत प्रत्येकजण ‘व्हय’च म्हणतो, त्यातून काही कळत नाही.

हरकत आली तर तिथंच लिहायची, हरकतदाराच्या शब्दांत, आणि परत वाचून दाखवायची. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. तोंडी हरकत कागदावर न आल्यामुळं ते निघून जातात, मग वर्षानुवर्षं अपिलं चालतात. दोघांनी दोन प्रकारे सांगितलं तर दोन्ही लिहावं. लीळाचरित्र सिद्ध करताना म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, आणि त्यांच्या महानुभाव पंथानं एकाच लीळेच्या निरनिराळ्या आठवणी, त्या कुणाच्या याच्या नोंदीसह, ‘वासना’ म्हणून जपल्या. ग्रामसभेच्या इतिवृत्तात मात्र अजूनही ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच असतं, तीन जण उठून बोलून गेले असले तरी.

यात एक अडचण खरी आहे. कुणाच्या जमिनीवर किती कर्ज आहे हे गावासमोर वाचलं तर माणसाची लाज जाते. बोजा उताऱ्यावर उघडच असतो, पण उताऱ्यात छापलेलं आणि चावडीत मोठ्यानं म्हटलेलं यात फार फरक आहे. म्हणून बोज्याची रक्कम चावडीत न वाचता खातेदाराला बाजूला घेऊन सांगावी. दुसरी सूचना हल्ली ऐकू येते: मोबाइलच वाचून दाखवेल. दाखवू दे, मदतच होईल. पण ‘म्हणजे माझ्या बहिणीचा हिस्सा गेला का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला जबाबदार माणूस समोर हवा. फिरत फिरत आलेल्या आवाजी निरोपांची तीच अडचण: आवाज माणसाचा, पण विचारायला माणूस नाही.

कागद आणि कान यांची फारकत पुरात तर जिवावर येते. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आकडे अचूक, वेळेवर, सगळ्यांच्या मोबाइलवर. पण घराघरातलं माप वेगळं होतं: २००५ ला पाणी कुठल्या पायरीला लागलं. त्या खुणेच्या वर सामान ठेवलेल्यांचं सामान २०१९ ला बुडालं, कारण पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. तोंडी माप विश्वासाचं होतं पण आठवणीपलीकडं जाईना. लेखी माप बरोबर होतं पण पायरीपर्यंत येईना. गल्लीतल्या प्रत्येक चौकात एका भिंतीवर फुटांच्या रेघा आणि शेजारी साल रंगवलं, आणि भोंग्यावरून ‘४३ फूट’सोबत ‘म्हणजे अमक्या देवळाच्या दुसऱ्या पायरीला’ असं पुकारलं, तर दोन्ही मापं जुळतील. खर्च रंगाच्या डब्याचा.

सातबाऱ्यावरचा तो कोरा रकाना भरायचं कामही असंच चावडीवाचनातच उरकता येईल. खातं वाचून झालं की खातेदाराला विचारायचं, या रानाला घरात काय म्हणतात? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आधी विचारावं; रोज भाकरी घेऊन तिथं तीच गेलेली असते. मग बांधाला बांध लागून असलेल्या दोघांकडून खात्री करून घ्यायची, त्यांनी वेगळं नाव सांगितलं तर तेही लिहायचं, आणि लिहिलेलं पुन्हा मोठ्यानं वाचायचं.